गट नंबर एक, मालक अनेक

प्रश्न : माझे वडील १९९१ च्या सुमारास एका पतसंस्थेत कामाला होते. तिथल्या संगणकाची मेमरी ६४० केबी होती, असे ते सांगतात. वर ‘आम्ही वर्डस्टार, कॅलक्युलेटर आणि छपाई, तिन्ही एकाच वेळी चालवायचो’ अशी बढाईही मारतात. माझ्या फोनची मेमरी ८ जीबी, म्हणजे तेरा हजार पटींहून जास्त; तरी सात-आठ ॲप उघडली की तो अडखळतो. वडील खरे बोलतात, की जुन्या आठवणींवर साय धरली आहे? आणि एवढ्याशा जागेत अनेक प्रोग्रॅम एकमेकांच्या पायांत पाय न अडकवता राहायचे तरी कसे?
— एक वाचक, कोरेगाव (जि. सातारा)

उत्तर : निकाल आधीच देऊन टाकतो : वडील खरे बोलतात. फक्त ‘एकाच वेळी’ या शब्दांना थोडी सूट द्यावी लागेल. ते प्रोग्रॅम एकमेकांच्या पायांत पाय न अडकवता राहत, हा तुमचा समज मात्र भाबडा आहे. ते अडकत, पडत, आणि पडताना शेजाऱ्यालाही घेऊन पडत. मग संगणक बंद करून पुन्हा चालू करायचा, हाच उपाय.

तुमच्या पत्रात आणखी एक गृहीत दडले आहे : अडचण जागा अपुरी असण्याची होती. तीही होतीच. पण त्या काळच्या संगणकांची खरी डोकेदुखी जागेपेक्षा पत्त्याची होती. किती जागांना पत्ता देता येतो, आणि एकच पत्ता दोघांनी आपला म्हटला तर काय, हे ते दोन प्रश्न. पीसी आल्यानंतरच्या पंधरा वर्षांतल्या सगळ्या युक्त्या याच दोन प्रश्नांभोवती फिरल्या.

पहिला घोळ : मेमरी की डिस्क?

आधी एक नेहमीची गल्लत दूर करू. पतसंस्थेच्या संगणकात बहुधा २० किंवा ४० एमबीची हार्ड डिस्कही असेल. ती म्हणजे धान्याची कोठी. मेमरी म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. कोठीत पोती मावतात, पण चिरणे, मळणे, परतणे ओट्यावरच होते. प्रोसेसर डिस्कवरचा प्रोग्रॅम तिथल्या तिथे चालवू शकत नाही; तो आधी मेमरीत आणावा लागतो. वीज गेली की ओटा साफ, कोठी शाबूत.

आता ओटा सोडून शेतात जाऊ. पत्रावर तुमच्या गावाचे नाव आहे, तेव्हा हे उदाहरण तुम्हाला परके वाटणार नाही. मेमरी म्हणजे एका ओळीत आखलेले लाखो चिमुकले वाफे. एका वाफ्यात एक बाइट, म्हणजे साधारण एक इंग्रजी अक्षर मावते. प्रत्येक वाफ्याला अनुक्रमांक असतो. तोच त्याचा पत्ता. प्रोसेसर ‘अमुक क्रमांकात काय आहे ते दे’ किंवा ‘तमुक क्रमांकात हे ठेव’ एवढेच म्हणतो. पत्ता माहीत नसलेला वाफा त्याच्या लेखी अस्तित्वातच नसतो.

आयबीएमने पहिला पीसी १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर केला. त्यात इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर होता आणि पत्ता सांगायला त्याच्याकडे २० तारा होत्या. प्रत्येक तारेवर ‘आहे’ किंवा ‘नाही’ असे दोनच इशारे. एक तार वाढली की पत्ते दुप्पट होतात. वीस तारांचे होतात १०,४८,५७६, म्हणजे एक मेगाबाइट. त्यापुढची मेमरी विकत आणून बसवली तरी या प्रोसेसरला तिचे नावच घेता येत नसे.

६४० हा आकडा आला कुठून?

एक मेगाबाइटच्या या शिवारातला वरचा ३८४ केबीचा पट्टा आयबीएमने राखीव ठेवला. पडद्यावर दिसणाऱ्या मजकुराची जागा, जादा बसवलेल्या कार्डांची जागा आणि संगणक सुरू होताना लागणारा कायमचा प्रोग्रॅम हे सगळे तिथे. उरलेले ६४० केबी तुम्हाआम्हाला कसायला.

‘६४० केबी कोणालाही पुरेल’ असे बिल गेट्स म्हणाले होते, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. गेट्स यांनी ती नाकारली आहे आणि भरवशाचा पुरावा कोणी पुढे आणलेला नाही. मर्यादा आली ती वीस तारांमुळे आणि आयबीएमच्या आखणीमुळे. शिवाय त्या वेळी ती मर्यादा वाटतही नव्हती : पहिल्या पीसीची सर्वांत स्वस्त आवृत्ती १६ केबी मेमरीची होती. चाळीसपट जागा मोकळी ठेवणाऱ्याला कंजूष कसे म्हणणार?

डॉस नावाचा तलाठी

या शिवाराचा कारभार डॉसकडे होता. डॉसची कल्पना साधी : एका वेळी एक प्रोग्रॅम. तुम्ही नाव टाइप केले की डॉस मोकळी सलग जागा शोधे, डिस्कवरून प्रोग्रॅम आणून तिथे उतरवे आणि कारभार त्याच्या हाती देऊन बाजूला होई. काम संपले की जागा पुन्हा मोकळी.

हिशेब मात्र तो नेमाने ठेवी. दिलेल्या प्रत्येक तुकड्याच्या तोंडाशी १६ बाइटांची एक पाटी असे : तुकडा कोणाचा, किती लांब. लांबी कळली की पुढची पाटी कुठे आहे ते कळते. अशी पाटीवरून पाटी जोडत सातबारा तयार होई. जागा वाचवण्यात तो इतका काटेकोर होता, की स्वतःचाही काही भाग त्याने पणाला लावला होता. आज्ञा वाचणाऱ्या कमांड डॉट कॉम या प्रोग्रॅमचा मोठा हिस्सा मेमरीच्या वरच्या टोकाला असे, आणि मोठ्या प्रोग्रॅमला जागा कमी पडली तर त्याने तो खुशाल पुसून टाकावा अशी मुभा होती. प्रोग्रॅम संपल्यावर शिल्लक राहिलेला छोटा हिस्सा बेरीज करून पाही, आणि घोटाळा दिसला तर गेलेला भाग डिस्कवरून परत आणी. नुसत्या फ्लॉपीवर चालणाऱ्या संगणकात काम संपताच ‘कमांड डॉट कॉमची फ्लॉपी घाला’ असा हुकूम का यायचा, हे वडिलांना विचारा. त्याचे कारण हे.

पण हा तलाठी नुसता नोंदी करणारा. बांधावर पोलीस नव्हता. एखाद्या प्रोग्रॅमने चुकून आपल्या हद्दीबाहेरच्या वाफ्यात काही लिहिले, तर ८०८८ निमूटपणे लिहू देई. शेजाऱ्याचा बांध कोरावा आणि कोणाला पत्ताही लागू नये, तसे. कोरताना शेजारची पाटी पुसली गेली, तर डॉसला सातबारा लावता येईना, आणि पडद्यावर ‘मेमरी ॲलोकेशन एरर’ असे लिहून तो हात टेकून बसे.

मग कॅलक्युलेटर कुठून उगवायचा?

आता वडिलांची बढाई तपासू. एक प्रोग्रॅम संपल्यावर त्याची जागा मोकळी होते, असे वर म्हटले. पण डॉसमध्ये निरोप घेण्याची दुसरीही रीत होती : ‘माझे काम झाले, पण माझी जागा मोडू नका.’ असा प्रोग्रॅम कारभार सोडे, जमीन सोडत नसे. त्याला मुक्कामी प्रोग्रॅम म्हणू. बोर्लंड कंपनीचे १९८४ सालचे साइडकिक हे याचे गाजलेले उदाहरण. ते आधी सुरू करून ठेवायचे, मग वर्डस्टार उघडायचे. पत्र लिहिता लिहिता दोन कळा एकत्र दाबल्या, की मजकुरावर कॅलक्युलेटर, टिपणवही, दिनदर्शिका अवतरे. काम झाले की गायब. पत्र होते तिथेच.

हे जमायचे कसे? मेमरीच्या अगदी सुरुवातीला १,०२४ बाइटांचा एक तक्ता असतो. त्यात २५६ पत्ते : कळ दाबली तर या पत्त्यावर जा, घड्याळाचा ठोका पडला तर त्या पत्त्यावर जा. मुक्कामी प्रोग्रॅम मुक्काम ठोकताना या तक्त्यातला कळफलकाचा पत्ता बदलून स्वतःचा लिही आणि जुना पत्ता जवळ ठेवी. त्यानंतर प्रत्येक कळ आधी त्याच्या दारी येई. आपल्या कामाची नसेल तर तो ती जुन्या पत्त्याकडे पाठवी; असेल तर चालू प्रोग्रॅम जागच्या जागी थिजवून आपण पडद्यावर येई.

याचा अर्थ, कॅलक्युलेटर चालू असताना वर्डस्टार थांबलेला असे. मेमरीत दोघे, पण चालणारा एक. म्हणून ‘एकाच वेळी’ला सूट द्या म्हटले.

छपाईचे मात्र तसे नव्हते. डॉसमध्ये प्रिंट नावाची आज्ञा होती. तीही मुक्कामी, पण तिने घड्याळाच्या ठोक्याला हात घातलेला असे. पीसीत तो ठोका सेकंदाला सुमारे १८ वेळा पडतो. प्रत्येक ठोक्याला थोडी अक्षरे छपाईयंत्राकडे ढकलायची आणि कारभार परत द्यायचा. टाइप करणाऱ्याला विलंब जाणवतही नसे. इथे मात्र वडिलांना पूर्ण गुण.

या कलेतही काटे होते. पाच मुक्कामी प्रोग्रॅम एकामागून एक बसवले, तर पाचवा चौथ्याचा पत्ता खिशात ठेवून बसलेला, चौथा तिसऱ्याचा. मधलाच एखादा काढला, तर त्याच्यावरचा प्रोग्रॅम ओसाड पत्त्याकडे कळा पाठवत राही आणि संगणक गोठे. म्हणून शेवटी आलेला आधी जाईल, असा दंडक. दुसरा काटा : डॉस एखादे काम अर्धे करत असताना त्यालाच दुसरे काम सांगितले, तर पहिल्या कामाची टिपणे पुसली जात. त्यामुळे शहाणा मुक्कामी प्रोग्रॅम आधी डॉस रिकामा आहे का ते बघे, मगच तोंड उघडे.

मग प्रोग्रॅम सरकवून जागा का करत नसत?

हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण विचाराल. समजा ३०० केबी मोकळे आहेत, पण १५०-१५० च्या दोन तुकड्यांत, मध्ये कोणीतरी मुक्कामी. २०० केबीचा प्रोग्रॅम हवा आहे. मधल्याला थोडे सरकवले की झाले, नाही का?

नाही, कारण त्या प्रोग्रॅमने स्वतःच्या वहीत शेकडो पत्ते लिहून ठेवलेले असतात : माझी यादी अमुक क्रमांकात, परतीचा रस्ता तमुक क्रमांकात. त्याला शंभर वाफे पुढे नेले तर ते सगळे पत्ते खोटे ठरतात, आणि वहीतला कोणता आकडा पत्ता आहे आणि कोणता खातेदाराची शिल्लक, हे डॉसला ओळखता येत नाही. प्रोग्रॅम उतरवताना डॉस एकदा पत्ते जुळवून देई; एकदा चालू झाला की तो तिथेच रुतला.

या कोंडीवर ॲपलने वेगळा तोडगा काढला. जानेवारी १९८४ मध्ये आलेल्या मॅकिंटॉशची मेमरी अवघी १२८ केबी होती, आणि त्यातले जवळजवळ २२ केबी नुसत्या पडद्याच्या चित्राला लागत. मॅकमध्ये प्रोग्रॅमने जागा मागितली की त्याला पत्ता न देता पत्त्याचा पत्ता दिला जाई. गावात कोणाचे घर विचारले तर ‘चावडीवरच्या फळ्यावर तिसरी ओळ बघा’ असे उत्तर मिळावे, तसे. घर हलले तर फक्त फळ्यावरची ओळ बदलायची. विचारणारा पुढच्या वेळी बरोबर नव्या घरी पोहोचतो. त्यामुळे मॅकला तुकडे सरकवून मोकळी जागा एकत्र करता येई.

पण ही सोय एकाच प्रोग्रॅमच्या पोटातली. १९८५ मध्ये अँडी हर्ट्झफेल्ड यांचा स्विचर आणि १९८७ मध्ये मल्टिफाइंडर आला, तेव्हा मॅकवर अनेक प्रोग्रॅम एकत्र उघडता येऊ लागले. प्रत्येकाला उघडतानाच ठरावीक मापाचा पट्टा मिळे, आणि ते माप वापरणाऱ्याने स्वतः एका चौकटीत आकडा भरून कमीजास्त करायचे. हे पट्टे मात्र सरकत नसत. मधला प्रोग्रॅम बंद केला की मध्येच भोक पडे, आणि ‘एवढी मेमरी मोकळी असताना हा उघडत का नाही?’ म्हणून लोक डोके खाजवत.

एकाच पत्त्यावर वेगळी जमीन

पीसीच्या गोटात तोवर वेगळी आरोळी उठली होती. आपल्याकडच्या कार्यालयांत पत्रांसाठी वर्डस्टार, नोंदींसाठी डीबेस आणि हिशेबाच्या तक्त्यांसाठी लोटस १-२-३ या त्रयीचे राज्य होते. पैकी लोटसचे तक्ते सर्वांत खादाड. तक्ता वाढत गेला की ६४० ची भिंत लागे. १९८५ मध्ये लोटस, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी मिळून एक युक्ती मान्य केली.

जादा मेमरीचे कार्ड बसवायचे. तिला पत्ते नाहीत, कारण पत्ते संपले आहेत. मग राखीव पट्ट्यात ६४ केबीची एक खिडकी मोकळी ठेवायची, तिचे १६-१६ केबीचे चार झरोके करायचे, आणि कार्डावरचा हवा तो तुकडा हव्या त्या झरोक्यामागे आणून उभा करायचा. पत्ता तोच, मागची जमीन बदलते. रंगमंच एकच, मागचा पडदा फिरवला की राजवाड्याचे जंगल होते. १९८७ च्या सुधारित ठरावानंतर अशी ३२ एमबीपर्यंत मेमरी वापरता येऊ लागली. क्वार्टरडेक कंपनीच्या डेस्कव्ह्यूने याच तत्त्वावर अख्खे डॉस प्रोग्रॅमच पडद्याआड नेऊन परत आणण्याची सोय केली.

इथे जरा थांबा. पीसीवर पत्ता आणि जमीन यांची गाठ सुटली ती इथे. पुढे जे घडले त्याचे बीज यातच आहे.

विंडोज आल्यावर प्रश्न सुटला ना?

बहुतेकांना तसे वाटते, पण नोव्हेंबर १९८५ मध्ये आलेली विंडोजची पहिली आवृत्ती त्याच ८०८८ वर, त्याच ६४० मध्ये, डॉसच्याच खांद्यावर उभी होती. तिची युक्ती काटकसरीची होती. प्रोग्रॅमचे दोन घटक असतात : सूचना आणि माहिती. तुम्ही टाइप केलेले पत्र फेकता येत नाही, पण सूचना मुळात डिस्कवर आहेतच. जागा कमी पडली की विंडोज बराच वेळ न वापरलेल्या सूचनांचा तुकडा सरळ टाकून देई, आणि लागला की पुन्हा वाचून आणी. हे करताना तुकडे सरकतही असत, म्हणून प्रत्येक प्रोग्रॅमने सौजन्य पाळायचे : जागा वापरण्यापूर्वी ‘धरून ठेवा’ म्हणायचे, वापरून झाल्यावर ‘सोडली’ म्हणायचे. सोडायला विसरणारा एक विसरभोळा प्रोग्रॅम सगळ्यांची अडवणूक करू शके.

वेळेची वाटणीही सौजन्याचीच. चालू प्रोग्रॅमने आपणहून पाळी सोडली तरच दुसऱ्याला संधी. एखादा सोडेना, तर पडद्यावर वाळूचे घड्याळ बघत बसायचे.

‘त्या काळच्या अभियंत्यांना याहून चांगले सुचले नसेल’ असा निष्कर्ष मात्र काढू नका. प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतःची आभासी मेमरी द्यायची कल्पना इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या ॲटलस संगणकात १९६२ मध्येच प्रत्यक्षात आली होती. पण ते यंत्र खोल्या व्यापणारे. तेच काम टेबलावर बसणाऱ्या स्वस्त यंत्रात करायला प्रोसेसरच्या आतच बांधावरचा पोलीस हवा होता.

पोलीस कधी आला?

अर्धामुर्धा १९८२ मध्ये. इंटेलच्या ८०२८६ ला २४ तारा होत्या, म्हणजे १६ मेगाबाइट, आणि ‘संरक्षित’ अवस्थेत तो बांध ओलांडणाऱ्याला अडवी. पण त्या अवस्थेत पत्ता सांगण्याची पद्धतच बदले, त्यामुळे जुने डॉस प्रोग्रॅम तिथे चालत नसत. आणि संरक्षित अवस्थेतून जुन्या अवस्थेत परतायला इंटेलने दारच ठेवले नव्हते. त्यावरचा उपाय ऐकून हसू येईल. कळफलकाची देखभाल करणाऱ्या चिपला सांगायचे, की प्रोसेसरला रीसेट कर. प्रोसेसर बेशुद्ध होऊन जुन्या अवस्थेत जागा होई, आणि ‘तू मघाशी कुठवर आला होतास’ याची आधीच लिहून ठेवलेली चिठ्ठी वाचून काम पुढे चालू करी. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायला दर वेळी भोवळ येऊन पडायचे, असा प्रकार.

खरा पोलीस म्हणजे १९८५ चा ८०३८६. त्याला ३२ तारा, म्हणजे चार गिगाबाइटपर्यंतचे पत्ते. पण महत्त्वाचे ते दुसरेच. प्रोग्रॅमने सांगितलेला पत्ता तो खरा मानतच नाही. मेमरीचे ४-४ केबीचे समान तुकडे, त्यांना पाने म्हणतात, आणि प्रत्येक प्रोग्रॅमसाठी एक वेगळा नकाशा : तुझे पहिले पान म्हणजे प्रत्यक्षात अमुक पान, दुसरे म्हणजे तमुक. भाषांतर प्रोसेसर स्वतःच, प्रत्येक वेळी करतो.

आता प्रत्येक प्रोग्रॅमच्या सातबाऱ्यावर गट नंबर एक. वर्डस्टारला वाटते आपण पहिल्या वाफ्यापासून मालक, लोटसलाही तेच. दोघेही ‘गट नंबर एक’ म्हणतात आणि दोघांना वेगवेगळी जमीन मिळते. शेजाऱ्याचा बांध कोरता येत नाही, कारण शेजाऱ्याच्या जमिनीचा पत्ताच आपल्या नकाशावर नाही. प्रोग्रॅम सरकवायचा? खुशाल सरकवा, फक्त नकाशा बदला, त्याला सुगावा लागत नाही. सलग जागा हवी? विखुरलेली पाने नकाशावर सलग दाखवा. आणि नकाशात एखाद्या पानापुढे ‘सध्या डिस्कवर’ असे लिहिले, तर प्रोग्रॅमने ते मागताच प्रोसेसर काम थांबवून यंत्रणेला हाक मारतो, यंत्रणा पान आणून बसवते, आणि काम जिथे थांबले तिथून पुढे चालू होते. कोठीतला माल ओट्यावर असल्याचे सोंग इतके बेमालूम वठते.

मे १९९० मध्ये आलेल्या विंडोज ३.० ने ३८६ वर ही सोय वापरली. प्रत्येक डॉस प्रोग्रॅमला आपण स्वतंत्र पीसीवर एकटेच आहोत असे भासवले जाई. गंमत अशी, की विंडोजचे स्वतःचे प्रोग्रॅम मात्र अजूनही एकाच सामाईक शिवारात राहत. एकाने घाण केली की सगळ्यांना भोगावी लागे.

त्याच काळात आणखी एक कोडे लोकांना छळे. चार मेगाबाइट मेमरी, त्यातली निम्मी मोकळी, तरी पडद्यावर ‘मेमरी अपुरी’. कारण खिडक्या, बटणे, अक्षरांचे साचे यांच्या नोंदी विंडोज ६४ केबीच्या मोजक्या वह्यांत ठेवी. आणि ६४ केबीच का? तर त्या वहीतले पत्ते १६ बिटांचे, म्हणजे ‘आहे-नाही’च्या सोळा इशाऱ्यांचे होते, आणि सोळा वेळा दुप्पट केले की ६५,५३६ च्या पुढे जाता येत नाही. मेमरी होती, पत्ते संपले होते. विंडोज एनटी १९९३ मध्ये आणि विंडोज ९५ ऑगस्ट १९९५ मध्ये आली, तेव्हा कुठे नव्या प्रोग्रॅमांना आपापला नकाशा मिळाला.

मग माझा फोन का अडखळतो?

फोनमध्ये प्रत्येक ॲपला असाच स्वतंत्र नकाशा आहे. त्यामुळे एक ॲप कोसळले तरी बाकीची उभी राहतात. वडिलांना हे सुख नव्हते. पण सगळी पाने कोठीत हलवत बसणे फोनला परवडत नाही. म्हणून मेमरी भरत आली की तो मागे पडलेले ॲप सरळ मोडून टाकतो, आणि तुम्ही परत गेलात की मुळापासून उभे करतो. तो जो क्षणभराचा अडखळ, तो हा. पुन्हा आणता येईल ते टाकून द्यावे, हा १९८५ च्या विंडोजचाच काटकसरी संसार.

तेरा हजार पट जागा कुठे गेली, हेही सांगतो. वर्डस्टारचा पडदा म्हणजे ८० अक्षरांच्या २५ ओळी. प्रत्येक अक्षराला एक बाइट आणि रंगाला एक, मिळून ४,००० बाइट. फोनचा पडदा ठिपक्याठिपक्याने रंगवावा लागतो. त्याचे एक चित्रच काही मेगाबाइटचे. म्हणजे नुसता तुमचा पडदा वडिलांचा अख्खा संगणक दहा-बारा वेळा गिळून बसतो.

तेव्हा वडिलांना त्यांचे श्रेय द्या. त्यांच्या संगणकावर बांधांचे रक्षण करणारे कोणी नव्हते. कोणता प्रोग्रॅम आधी बसवायचा, कोणता शेवटी काढायचा, कोणत्या दोघांचे पटत नाही, हे त्यांना पाठ ठेवावे लागे. तो पोलीस आता तुमच्या फोनच्या चिपमध्ये आहे. पतसंस्थेत तो वडिलांच्या डोक्यात होता.